एका स्प्रिंगचा शोध

लोहगडवाडीत जूनच्या मध्याला धुके उतरते ते नवरात्राच्या तोंडावर उठते. लोहगड आणि विसापूर यांच्या मधल्या गायमुख खिंडीतून ढग सरळ घरांत शिरतात. कोयत्याचे पाते, दाराची कडी, शेगडीचे पाय, जे जे लोखंडाचे त्यावर चार महिन्यांत तांबूस थर येतो. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. अशा गावात कुणाच्या कपाटात परवान्याचे रिव्हॉल्व्हर असेल, तर त्याला चोराच्या आधी हवाच गाठते.

मावळात अशी रिव्हॉल्व्हर आहेत. काही फौजेतून निवृत्त झालेल्यांची, काही बागायतदारांची, काही जमिनीच्या व्यवहारात चार पैसे आणि चार शत्रू कमावलेल्यांची. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याला मिळतो तो परवाना वेगळा. १९५९च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून दारू भरायच्या बंदुकीची निराळी सोय आहे. रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र त्याची खास गरज का आहे हे पटवून द्यावे लागते. एवढे करून मिळवलेली वस्तू बहुतेक घरांत कपाटाच्या आतल्या कप्प्यात पडून राहते आणि वर्षानुवर्षे तिच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या मते या हत्याराचे आयुष्य वापराने जेवढे कमी होते, त्याहून जास्त या पडून राहण्याने कमी होते.

मग वडील जातात, मुलगा वारस म्हणून परवाना करून घेतो, हत्यार हातात येते आणि लक्षात येते की चाप ओढला तर घोडा अर्ध्या वाटेत रेंगाळतो. कुणीतरी जाणकार सांगतो, ‘स्प्रिंग गेली.’ आता ही स्प्रिंग आणायची कुठून? मोटारसायकलची असती तर लोणावळ्याच्या बाजारात दहा मिनिटांचे काम होते. हत्याराच्या सुट्या भागाची वाट लांब आहे. ती नीट कळायची तर आधी यंत्र कळायला हवे.

रिव्हॉल्व्हर बाहेरून जितके बोजड दिसते तितके आतून गुंतागुंतीचे नसते. सहा घरांचे फिरते सिलिंडर, त्याच्या पुढे नळी, मागे घोडा, खाली चाप आणि हाताला मूठ. चाप ओढू लागले की एकाच वेळी तीन गोष्टी होतात. घोडा मागे जातो आणि मुठीतली मुख्य स्प्रिंग ताणली जाते. एक छोटा खटका, कारागीर त्याला पंजा म्हणतात, सिलिंडरच्या मागच्या चक्रीला ढकलून पुढचे घर नळीसमोर आणतो. आणि दुसरा एक अडसर खालून सिलिंडरच्या खाचेत बसून ते तिथेच धरून ठेवतो. हे तिन्ही जमले की घोडा सुटतो आणि काडतुसाच्या बुडावरच्या कॅपवर टोचा बसतो. नळीसमोर घर नेमके आले पाहिजे, घोडा सुटण्याआधी आले पाहिजे आणि तिथे घट्ट थांबले पाहिजे. या मेळाला कारागीर टायमिंग म्हणतात. दुरुस्तीतले निम्मे शहाणपण या एका शब्दात आहे.

आपल्याकडे नागरी परवान्यावर दिसणारे रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ मापाचे असते. लष्करी मापांची हत्यारे सामान्य माणसाला मिळत नाहीत, म्हणून हे माप रूढ झाले. त्यात दोन मोठी घराणी. एक इंग्रजी: बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे. दुसरे देशी: कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यातले, ज्याला लोक ‘ऑर्डनन्सचे बत्तीस’ म्हणतात. देशी हत्यार वेब्लीच्या मार्क ४ या घाटणीवरच बेतलेले आहे. दोन्हींची ठेवण एकच. वरची कडी दाबली की नळी आणि सिलिंडर बिजागरीवर पुढे वाकतात आणि आतला तारा वर येऊन रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर काढतो. अमेरिकी कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांची सिलिंडरे कुशीला बाहेर पडतात. आपल्या सरकारी कारखान्यानेही २०२३ साली ‘प्रबळ’ नावाचे तसे कुशीला उघडणारे रिव्हॉल्व्हर काढले. त्याआधी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आले होते, महिलांसाठी म्हणून, वजनाला अर्धा किलो आणि किमतीला लाखाच्या वर. किंमत पाहता ते नेमक्या कोणत्या महिलांसाठी होते हा प्रश्न तेव्हाच अनेकांनी विचारला होता.

बिजागरीवर वाकणारी ही ठेवण सोयीची आहे, पण तिची दुखणीही ठरलेली असतात. वरची कडी झिजली की नळी आणि चौकट यांच्यात खडखड येते. बिजागरीची पिन झिजली की तोच प्रकार पुढच्या बाजूला. मुख्य स्प्रिंग गोल वळ्यांची नसून पट्टीची आहे, दुमडून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी केलेली. अशी पट्टी गंजाचा एक खोल खड्डा पडला तरी तिथून तडकते. स्प्रिंग मंदावली तर घोडा पडतो, पण कॅपवर हलका ठसा उमटून काडतूस तसेच राहते. पंजाचे टोक झिजले तर सिलिंडर पुरते फिरत नाही. जुन्या मुठींच्या चकत्या कडक रबराच्या असत. त्या कोरड्या पडून फुटतात.

पण भाग शोधायला निघण्याआधी एक पायरी आहे आणि ती टाळणारे निष्कारण पैसे घालवतात. भाग खरोखर गेला आहे की नुसते किटण साचले आहे? जुन्या घरांत हत्याराला खोबरेल तेल लावायची पद्धत होती. काहींनी शेंगदाण्याचेही लावले. खायचे तेल वर्षभराने चिकट होते, मग त्याची खळ होते, मग त्यात धूळ बसते आणि आतले खटके एकमेकांना धरून ठेवतात. पुंगळ्या काढणाऱ्या ताऱ्याखाली चिमूटभर घाण असली तरी तो पूर्ण खाली बसत नाही, सिलिंडर मागच्या पत्र्याला घासते आणि चाप जड लागतो. बघणाऱ्याला वाटते पंजा गेला. चांगला कारागीर आधी हत्यार खोलून धुतो, हलके तेल देतो, आणि मगच काय तुटले ते सांगतो. ‘स्प्रिंग बदलावी लागेल’ असे हत्यार न खोलता सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

घरी तपासायचे ते इतकेच: हत्यार रिकामे आहे याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, कडी उघडून सहाही घरांतून आरपार बघणे. बाहेरून दिसणारा गंज, सैल स्क्रू, तडकलेली मूठ हे डोळ्यांना कळते. रिकाम्या हत्याराचा चाप ‘बघू चालतो का’ म्हणून पुन्हापुन्हा ओढू नये. जुन्या वेब्लीत टोचा घोड्याच्याच नाकावर असतो, आणि समोर कॅप नसताना आपटत राहिला तर नाक किंवा स्प्रिंग यांतले काहीतरी तुटते. चांगल्या स्थितीतले हत्यार पाहुण्यांना दाखवण्याच्या हौसेत असे निकामी होऊ शकते. बाजूची पट्टी काढून आत हात घालणे तर दूरच. त्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात. घरातला पेचकस लावला की खाच चिरते आणि पुढच्या कारागिराचे पहिले काम तो स्क्रू काढणे हेच होऊन बसते.

यानंतर ओळख पटवायची. हत्याराच्या अंगावर बरेच लिहिलेले असते: बनवणाऱ्याचे नाव, मार्क, माप, क्रमांक आणि चाचणीचे ठसे. बर्मिंगहॅमला १८१३ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले प्रूफ हाऊस आहे. जास्तीच्या दाबाचे काडतूस मारून हत्यार फुटत नाही हे बघायचे आणि ठसा मारायचा, हे त्याचे काम. इंग्रजी हत्यारावर ते ठसे असतात, आणि नळीइतकेच सिलिंडरवरही बघायचे असतात. क्रमांक चौकटीवर असतो, बऱ्याच वेब्लींत सिलिंडरवरही तोच पुन्हा कोरलेला असतो. दोन क्रमांक जुळले नाहीत तर मागच्या कुठल्यातरी पिढीत सिलिंडर बदलले गेले आहे असे समजावे. या सगळ्याचा आणि परवान्यावरच्या वर्णनाचा मेळ बसला पाहिजे. एखादा आकडा चुकीचा उतरवला गेला असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. दुकानाच्या काउंटरवर ही चूक सापडली तर दुकानदार हत्याराला हातही लावणार नाही, आणि त्याचे बरोबरच असेल.

क्रमांकाबाबत कायदा कडक आहे. हत्यारावरची ओळखखूण पुसणे, खोडणे, बदलणे हा गुन्हा आहे, आणि खूण पुसलेले हत्यार ज्याच्याकडे सापडले त्यानेच ती पुसली असे कायदा गृहीत धरतो. उलटे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून गंज काढायच्या नादात पॉलिश कागदाने क्रमांकाची जागा घासणाऱ्याने हे आधी वाचून ठेवावे.

आता मूळ अडचण. शस्त्र अधिनियमाने ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे तिच्यात अग्निशस्त्राचे भागही येतात. म्हणजे सुटी नळी, सुटे सिलिंडर, सुटा घोडा हीदेखील कायद्याच्या लेखी अग्निशस्त्रेच. याच कायद्याच्या ४५व्या कलमात किरकोळ भागांना एक सूट आहे, पण तिची अट वाचण्यासारखी आहे. तो भाग आपल्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे असलेल्या पूरक भागांसोबत वापरायचा हेतू नसेल तरच ती लागू. म्हणजे टेबलावर शोभेला ठेवलेला पंजा चालेल, पण आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसवायला आणलेला पंजा या सुटीत बसत नाही. सुट्या भागांचा खुला बाजार आपल्याकडे का उभा राहिला नाही याचे अर्धे उत्तर या एका ओळीत आहे.

उरलेले अर्धे पाचव्या कलमात. अग्निशस्त्र बनवणे, विकणे, त्यात बदल करणे, दुरुस्त करणे, त्याची चाचणी घेणे, या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना हा दुरुस्तीचा परवाना नव्हे. २०१९च्या दुरुस्तीने या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षांची शिक्षा ठेवली आहे, कमाल जन्मठेप. पुसणे, तेल देणे ही निगा आणि ती मालकाने करायची. पण भाग घडवणे, बसवणे, कानशीने जुळवणे म्हणजे दुरुस्ती.

हे इथे मुद्दाम सविस्तर सांगतो आहे, कारण मावळाभोवतीच मोह बसला आहे. भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात अशी वर्कशॉप आहेत जिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून पिन कातणारी माणसे चहाच्या सुटीत आपली बिजागरी करून देतील. तांत्रिकदृष्ट्या ती कदाचित मूळ कारखान्याहून सरस होईल. ‘भाऊ, एक पिन काढून दे, कसली आहे ते विचारू नकोस’ म्हणून काम होतेही. पण त्या भावाला आपण काय करायला लावतो आहोत हे वरच्या परिच्छेदात आले आहे. शिवाय पिन हुबेहूब असली तरी पोलाद कोणते, त्याला पाणी किती दिले, हे चहाच्या सुटीत ठरत नाही. हत्याराच्या बाबतीत मऊ पिन आणि ठिसूळ पिन दोन्ही सारख्याच वाईट.

परदेशातून मागवावी म्हटले तर तिथे आणखी मौज आहे. वेब्लीचे जुने भाग सर्वांत सहज मिळतात ते अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो वेब्ली तिथे स्वस्तात पोहोचली, मोडली गेली, आणि त्यांचे घोडे, स्प्रिंगा, कड्या तिथल्या जुन्या भागांच्या दुकानांत आजही असतात. तिथल्या केंद्रीय कायद्यात मुख्यतः चौकटीला बंदूक मानतात, बाकीचे भाग टपालाने घरपोच येऊ शकतात. ज्या ब्रिटनमध्ये ही रिव्हॉल्व्हर बनली तिथे १९९६च्या डनब्लेन इथल्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, १९९७च्या कायद्यांनी, थोडे अपवाद सोडता नागरिकांकडची हातबंदूकच संपवली. आपल्याकडे आयातीला वेगळा परवाना लागतो आणि सामान्य नागरिकासाठी हत्यारांच्या आयातीचे दार १९८०च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे जालावर चाळीस डॉलरला दिसणारी स्प्रिंग मागवली तर ती लोहगडवाडीला पोहोचत नाही, विमानतळावरच्या कस्टमच्या टेबलापर्यंत पोहोचते. मागोमाग नोटीस येते. पुण्यात शिकून अमेरिकेत स्थायिक झालेला भाचा सुटीवर येताना बॅगेत घालून आणतो म्हणाला, तर त्याला प्रेमाने नाही म्हणावे.

मग सरळ वाट कोणती? परवानाधारक शस्त्रविक्रेता. पुण्यामुंबईत असे जुने विक्रेते आहेत. त्यांच्यातही भेद असतो. काहींचा परवाना नुसत्या विक्रीचा असतो, काहींचा दुरुस्तीचाही. हत्यार पिशवीत घालून जाण्याआधी फोन करून विचारावे: दुरुस्तीचा परवाना आहे का, रिव्हॉल्व्हरचे काम करणारा कारागीर तुमच्याकडे बसतो का, की हत्यार तुम्ही पुढे कुठे पाठवता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो टाळतो तिथे जाऊ नये. बारा बोअरच्या बंदुका दुरुस्त करणारे पुष्कळ, रिव्हॉल्व्हरचे टायमिंग बसवणारे थोडे.

परवान्याची कागदपत्रे कुठली, हेही मावळात एकसारखे नाही. लोहगडवाडी पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, म्हणून परवाना देणारे अधिकारी पुण्याचे जिल्हाधिकारी. त्याच तालुक्यातले तळेगाव दाभाडे २०१८ साली पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झाले तेव्हा तिकडे गेले, आणि तिथल्या परवानाधारकाचे काम आयुक्तांकडे. परवान्यावर त्याचे कार्यक्षेत्र लिहिलेले असते. राज्यापुरताच असेल तर हत्यार घेऊन थेट कानपूरला जाता येणार नाही. मळवलीहून लोकलने जाण्याऐवजी मी स्वतःच्या गाडीने जाणे सुचवीन: हत्यार रिकामे, बंद पेटीत, काडतुसे निराळी किंवा घरीच, परवाना खिशात. दुकानात हत्यार ठेवताना पावती घ्यावी आणि तिच्यावर क्रमांक, माप, बनावट आणि काय दुरुस्त करायचे ते लिहून घ्यावे. त्यांच्या नोंदवहीत नोंद झाली की नाही तेही समोर पाहावे. वाटेत कुणी अडवले, किंवा घरी चौकशीला आले आणि हत्यार जागेवर नसले, तर ही पावतीच बोलते.

हत्यार देशी असेल तर काम तुलनेने सोपे. कानपूरचे हत्यारांचे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून झालेल्या सात सरकारी कंपन्यांपैकी एकीकडे, अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे, गेले. तिचे मुख्यालयही कानपूरलाच. त्याच वाटणीत दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे गेले आणि तिचे मुख्यालय पुण्यात आले. खडकीचा १८६९चा दारूगोळा कारखाना तिच्याकडे आहे. हातात आलेल्या देशी काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ दिसले तर ती किरकी फॅक्टरीची, म्हणजे आपल्या खडकीची खूण. काडतूस असे शेजारचे, पण स्प्रिंग कानपूरची. विक्रेत्यामार्फत कारखान्याकडे विचारणा करावी, क्रमांक आणि मार्क कळवावा. ‘ऑर्डनन्सचे बत्तीस’ अनेक वर्षे बनत आले, मधे मधे बदल झाले, तेव्हा ‘बत्तीसची स्प्रिंग’ एवढे सांगून भागत नाही.

वेब्लीच्या मालकाला वाटते, देशी हत्यार वेब्लीवरूनच घेतले आहे ना, मग त्याचे भाग माझ्याला बसतील. बसत नाहीत. निदान सरळ बसत नाहीत. घाटणी एक असली तरी मापे, पिनांची जाडी, आटे यांत फरक आहे. अलीकडे वेब्ली हे नाव भारतात पुन्हा दिसू लागले आहे. लखनौच्या एका कंपनीच्या भागीदारीत उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात त्या नावाची .३२ रिव्हॉल्व्हर बनतात. पण नावाचा शिक्का तोच म्हणून ऐंशी वर्षांपूर्वीच्या बर्मिंगहॅमच्या हत्याराला हरदोईचा पंजा चालेल असे धरून चालू नये. कारागिराला विचारावे, तो मापून सांगेल.

म्हणून वेब्लीसाठी दोन वाटा उरतात. पहिली, बळीचे हत्यार. काही विक्रेत्यांकडे निकामी झालेली, नळी खराब झालेली रिव्हॉल्व्हर पडून असतात. त्यातून घोडा किंवा पंजा काढून दुसऱ्याला लावतात. पण दुसऱ्या हत्याराचा भाग म्हणजे दुसऱ्याची कवळी. घराण्याचा असला तरी जबड्याला लागतो. त्या काळात हे भाग यंत्रावर काढले जात आणि शेवटी बाकावर बसलेला माणूस कानशीने एकेक जुळवत असे. म्हणून एकाच वर्षी बनलेल्या दोन वेब्लींचे पंजेसुद्धा बदलाबदलीत चालतीलच असे नाही. दुसरी वाट म्हणजे परवानाधारक कारागिराने तो भाग नवा घडवणे. यात पट्टी-स्प्रिंग सर्वांत अवघड. पोलाद, त्याला दिलेले पाणी, मग उतरवलेला कडकपणा, यांतले काहीही चुकले तर ती आठवड्यात मंदावते नाहीतर पहिल्याच दाबात तडकते.

बसवण्याचे काम बघायला मिळाले तर बघावे. कारागीर नव्या भागावर काजळी किंवा निळा रंग लावतो, भाग जागेवर बसवतो, हलवतो, काढतो. जिथे रंग पुसला तिथे घासते आहे. तेवढ्याच जागी कानस नाही, तेलाचा दगड फिरवतो. पुन्हा रंग, पुन्हा बसवणे. एका पंजासाठी हे कितीदा करावे लागेल ते आधी सांगता येत नाही, आणि घाई करणाऱ्याने एकदा जास्त काढले की परत घालता येत नाही. शेवटी तो घोडा अंगठ्याने हळूहळू मागे नेतो आणि सिलिंडर कधी अडते ते कानाने ऐकतो. अडसराचा आवाज घोडा पुरता चढण्याआधी किंवा त्याच क्षणी यायला हवा, नंतर नाही. हे एका घरावर बघून थांबला तर काम अपुरे. सहाही घरांवर बघायचे, कारण मागच्या चक्रीचे सहा दात सारखे झिजलेले नसतात. मग घोडा चढवून सिलिंडर बोटांनी हलवून बघायचे, नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट उजेडाला धरून बघायची, कडी बंद करून नळी दाबून खडखड ऐकायची. हत्यार परत घेताना या चार गोष्टी दाखवायला सांगाव्यात. चांगल्या कारागिराला असे गिऱ्हाईक आवडते.

नळी किंवा सिलिंडर बदलायची वेळ आली तर मात्र थांबावे. स्प्रिंग, स्क्रू, पंजा बदलल्याने हत्याराची ओळख बदलत नाही. क्रमांक असलेला भाग बदलला तर बदलते. विक्रेत्याने ‘करून टाकू’ म्हटले तरी आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारावे. नळी आखूड करून घेणे हा तर सरळ वेगळा गुन्हा आहे.

दुरुस्त होऊन आलेले हत्यार पुन्हा त्याच कपाटात, त्याच चामड्याच्या म्यानात गेले, तर दोन पावसाळ्यांत आपण पुन्हा त्याच दुकानात. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्याने ओढून घेतलेला ओलावा दोन्ही पोलादाला बाधतात. म्यान मिरवायला, ठेवायला नाही. सुती कापडाला शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात लावून सगळ्या पृष्ठावरून फिरवावे, नळीतून आणि सहाही घरांतून कोरडा आणि मग तेलकट बोळा फिरवावा, बोटांचे ठसे पुसावेत, कारण घामातले मीठ रात्रीत डाग पाडते. बंद कुलपाच्या पेटीत सिलिका जेलची पाकिटे ठेवावीत आणि ती ओली झाली की बदलावीत. मावळात पावसाळ्यात हे पंधरवड्याला, उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी. तेल जास्त झाले तरी वाईट. ते काडतुसाच्या कॅपमध्ये झिरपले तर काडतूस निकामी होते. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायचा आदेश आला तर जमा करण्याआधी तेलाचा हात थोडा जाड द्यावा. ते परत कधी हातात येईल आणि तोवर कुठल्या खोलीत राहील, यावर आपला ताबा नसतो.

आणि भाग मिळालाच नाही तर? असेही होते, विशेषतः शंभरीला आलेल्या, कमी संख्येने बनलेल्या मार्कांच्या बाबतीत. तेव्हा ते हत्यार परवान्यावर ठेवायचे का हा प्रश्न विचारायला हरकत नाही. २०१९पासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचे शुल्क आणि हेलपाटे चालू हत्यारासाठी पडतात तेवढेच बंद हत्यारासाठीही पडतात. विक्रेत्याला विकता येते, पोलीस ठाण्यात जमा करता येते. वडिलांची आठवण म्हणून घरातच ठेवायचे असेल तर ४५व्या कलमात वाट आहे, पण अरुंद. जुन्या घाटणीचे, पुराण मूल्याचे किंवा मोडके हत्यार दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नसेल, तरच त्याला सूट. ‘स्प्रिंग नाही’ एवढ्याने ते त्यात बसत नाही, कारण स्प्रिंग उद्या घडवता येते. हे ठरवायचे मालकाने नाही. अर्ज करून लेखी उत्तर येईपर्यंत परवान्याची मुदत संपू देऊ नये, आणि संपलीच तर हत्यार त्याच दिवशी विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात ठेवून पावती घ्यावी.

वयाची सत्तरी गाठलेल्या किंवा पंचवीस वर्षे हत्यार बाळगलेल्या मालकाला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार हयातीतच वारसाच्या नावे परवान्याची मागणी करता येते. दुरुस्ती काढायची असेल तर हे त्याआधी करून घ्यावे. दुकानाच्या पावतीवर वडिलांचे नाव, हत्यार कारागिराच्या बाकावर खोललेले, आणि मधेच मालक गेले, तर ते जोडून परत घरी आणण्यासाठी मुलाला आधी वारसाचा परवाना हातात पडण्याची वाट पाहावी लागते. तोवर सहा घरांचे सिलिंडर एका डब्यात आणि पंजा दुसऱ्या पुडीत, विक्रेत्याच्या कपाटात.